चाळीस मिनिटं

बाबांनी चर्चचा कोट खुंटीला अडकवला, टाय सैल केला, आणि जेवायला बसायचं सोडून कारखान्याची किल्ली मागितली.

घर जागच्या जागी थिजलं. थोरला हात धूत होता, तो नळ बंद करायचं विसरला. त्याची बायको दवाखान्यात नर्स, म्हणून बाबा तिला घरातही ‘सिस्टर’च म्हणत. ती ताटं मांडता मांडता एक ताट छातीशी धरून उभी राहिली. धाकटा शाळेत शिकवायचा, त्याला घरात मास्तर म्हणत. त्याने चष्मा काढला आणि पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता. धाकट्या सुनेच्या मांडीवर दहा महिन्यांची ठमी तेवढी आपल्या नादात चमचा आपटत राहिली.

“आज रविवार आहे, बाबा,” थोरला म्हणाला. “रविवारी रंध्याला हात लावायचा नाही, हा नियम तुमचाच.”

“रंधा मारायला कोण चाललंय? वास घ्यायला चाललोय. तीन आठवडे झाले, नाकात नुसतं औषध बसलंय.”

“जेवून जा ना. गार होतंय सगळं.”

“पाच मिनिटं रे.”

“बाबा, आधी जेवायचं की नाही शहाण्यासारखं?” धाकटी म्हणाली, आणि आपला आवाज ठमीला भरवतानाचा लागला हे ध्यानात येऊन तिचे कान तापले.

बाबांनी चौघांवरून नजर फिरवली. ती नजर साधी नव्हती. माणूस समोर आला की उंची, रुंदी, खांद्याचा उतार आपोआप टिपून घेणारी. चाळीस वर्षं त्यांनी शवपेट्या केल्या होत्या. घरात नुसतं ‘पेटी’ म्हणत. आणि घराचा एक लोखंडी नियम होता: जिवंत माणसाला टेप लावायचा नाही. टेबलाला लावा, पडद्याला लावा, माणसाला नाही. ठमी जन्मली तेव्हा दवाखान्यात तिची लांबी मोजली, तर बाबा दिवसभर थोरल्या सुनेवर फुगून बसले होते. धाकटी लग्न होऊन आली त्या पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्याकडे एकवार बघितलं आणि म्हणाले होते, “पाच फूट दोन. उजवा खांदा जरा पुढे. शिवणकाम करतेस का गं?” हसावं की माहेरी पळावं, हे तिला कळेना. शिवणकाम ती खरंच करायची.

तीच नजर आता त्यांच्यावरून फिरली, क्षणभर थोरल्यावर थांबली, आणि खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. बाबा जेवायला बसले.

खाली कारखान्यात ताडपत्रीखाली काय झाकून ठेवलंय, ते बाबा सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

शुक्रवारी डॉक्टरांनी दोघा भावांना आत बोलावून सांगितलं होतं. पोटातलं दुखणं पसरलंय. महिना, फार तर दीड. बाहेर येता येताच थोरल्याने ठरवून टाकलं, बाबांना सांगायचं नाही. घरी आल्यावर एकेकीकडून त्याने शब्द घेतला. सांगायला हवं असं म्हणून बघितल्यावर शेवटी धाकटीनेही दिला, “माझ्या तोंडून एक अक्षर जाणार नाही.” शनिवारी ती चहा घेऊन खाली गेली, तर थोरला एकटाच फळ्या जोडत होता. तिच्याकडे न बघताच म्हणाला, “नंतर माझे हात चालायचे नाहीत गं. चालतायत तोवर करून ठेवतो.” ती कप ठेवून वर आली होती.

“कर रे प्रार्थना,” बाबा थोरल्याला म्हणाले.

बाबांची जेवणाआधीची प्रार्थना दोन ओळींची असे. आजच्या अन्नासाठी उपकार, उद्याचं तुझं तू बघ, आमेन. थोरल्याने डोळे मिटले आणि सुरुवात केली ती संपेना. उपकार झाले, आजारी लोक झाले, मग बाबांचं नाव आलं, त्यांना बळ दे, त्यांना आयुष्य दे, पुष्कळ वर्षं दे. ‘पुष्कळ’पाशी आवाज चिरकला. सिस्टरने घाईघाईने “आमेन” म्हणून टाकलं.

“एवढी?” बाबांनी रुमाल मांडीवर पसरला. “पाळकसुद्धा यापेक्षा आटोपशीर असतात.”

“तुम्हाला काय ठाऊक?” सिस्टर म्हणाली. “तुम्ही सकाळी उपदेशात झोपला होतात.”

“झोपलो नव्हतो. डोळे मिटून ऐकत होतो.”

“घोरत ऐकत होतात.”

सगळे हसले, जरा जास्तच. बाबा दोन घासांवर थांबले, तिसरा ताटातल्या ताटात फिरवत राहिले.

“मी काय म्हणतो,” ते म्हणाले, “उन्हाळ्यात आत्याकडे जाऊन यावं.”

मास्तरने मान वर केली. अकरा वर्षांत या टेबलावर आत्याचं नाव निघालं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी आत्याचे यजमान गेले. पेटी बाबांनीच केली. दफनविधी चारला होता. आत्याचा मुलगा लांबून येत होता, गाडी रस्त्यात अडकली होती. आत्या म्हणत होती, थांब, झाकण लावू नकोस, पोराला बापाचं तोंड बघू दे. बाबांनी चारच्या ठोक्याला झाकण बसवलं आणि स्क्रू पिळले. वेळ म्हणजे वेळ. लोक खोळंबलेत, पाळक खोळंबलेत. मुलगा आला चार चाळीसला. तेव्हा माती लोटून झाली होती. त्या दिवसापासून बहीण भावाशी बोलली नाही.

“उन्हाळ्यात?” मास्तरने जपून विचारलं.

“आता कुठे जातोय? जरा पायांत जोर येऊ दे. तीन महिन्यांत ठणठणीत होतो, मग बसने जातो. तिची अकरा वर्षांची साचलेली थोबाडीत एकदाच खातो आणि येतो.”

“हो हो,” थोरला म्हणाला. “उन्हाळ्यात मी स्वतः नेतो तुम्हाला.”

धाकटीने हातातला घास परत ताटात ठेवला. तीन महिने! टेबलाभोवती बसलेल्या चौघांना ठाऊक होतं की या माणसाच्या वाट्याला उन्हाळा नाही, आणि बाकी तिघं माना डोलवत होते. मास्तरसुद्धा. तिचा नवरासुद्धा.

“आत्ताच का नाही जात, बाबा?” तिच्या तोंडून निघून गेलं.

थोरल्याने असं बघितलं की ठमीनेही चमचा आपटायचा थांबवला.

“घाई कसली आहे?” बाबा म्हणाले.

उत्तर होतं, पण त्यावर तिने दिलेल्या शब्दाचं कुलूप होतं.

जेवणं झाली. बाबा खिडकीपाशी ठमीला घेऊन बसले आणि इकडे स्वयंपाकघरात चौघं एकमेकांवर तुटून पडले, तेही कुजबुजत.

“शब्द दिला होतास तू,” थोरला म्हणाला.

“मोडलाय का? पण तुम्ही त्यांना उन्हाळ्याचं वचन दिलंत, दादा. असलं वचन?”

“मग काय म्हणू? नाही बाबा, तुमचा उन्हाळा नाही? अगं, त्यांनी रोज सकाळी उठून दिवस मोजावेत, असं वाटतं तुला?”

“ते तर रोजच मोजतात. ‘आजचे उपकार, उद्याचं तुझं’ म्हणजे दुसरं काय आहे?”

“शाळेत मास्तर, घरात मास्तरीण,” थोरला भावाकडे वळला. “बोल की तूही काहीतरी.”

मास्तरने पुन्हा चष्मा काढला. “शुक्रवारी मला पटलं होतं तिचं,” तो म्हणाला. “पण आज ते हसत होते रे. सांगितलं की ते हसणं गेलं.”

“अहो!” धाकटी म्हणाली. एवढंच. पण मास्तरने मान खाली घातली.

“आणि शेवटी आपण सगळे तिकडे भेटणारच आहोत ना?” थोरला म्हणाला. “विश्वास आहे ना आपला? आत्याही भेटेल तिथे. तिथे कसलं भांडण?”

ताटं विसळत असलेली सिस्टर थांबली. शुक्रवारपासून ती नवऱ्याच्या बाजूने होती, एक शब्द उलट बोलली नव्हती. तिने हात पुसले.

“मी वॉर्डात रोज बघते,” ती म्हणाली. “घरच्यांनी लपवलेलं पेशंटला कळतंच. मग तो घरच्यांपासून लपवतो की मला कळलंय. दोन्हीकडचे एकमेकांना हसून दाखवत राहतात आणि एक दिवस बेड रिकामा होतो.” ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, “तुम्ही म्हणालात म्हणून मी गप्प बसले. मला पटलेलं नव्हतं हो.”

“वा,” थोरला म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. “म्हणजे मी एकटाच वाईट.”

किल्ली चहाच्या डब्यात होती. सकाळी चर्चला निघण्याआधी थोरल्याने ती तिथे लपवली होती आणि धाकटीने ते पाहिलं होतं. डबा तिच्या कोपराशीच होता. तिने झाकण उघडलं, किल्ली काढली, तिला चिकटलेली चहाची पूड पदराला पुसली.

“काय करतेस?” थोरला म्हणाला.

“तोंडाने एक अक्षर सांगणार नाही म्हटलं होतं, दादा. नाही सांगत.”

ती बाहेर गेली. बाबांच्या मांडीवरून ठमीला घेतलं आणि त्यांच्या तळहातावर किल्ली ठेवली. ते किल्लीकडे बघत राहिले, मग तिच्याकडे.

जिन्याच्या अकरा पायऱ्या उतरायला त्यांना पाच मिनिटं लागली. धाकटी ठमीला घेऊन मागोमाग होती. कारखान्यात लाकडाचा, सरसाचा, पॉलिशचा वास कोंडला होता. बाबांनी छाती भरून श्वास घेतला. “हं,” म्हणाले. मग थेट कोपऱ्यात गेले आणि ताडपत्री ओढली.

वरून पावलं धडधडत आली. “गिऱ्हाइकाची आहे!” थोरला दारातूनच म्हणाला. त्याच्या मागे मास्तर, त्याच्या मागे सिस्टर.

“कोणाची?”

“आहेत एक. रिटायर्ड पोस्टमास्तर. पुलापलीकडचे.”

बाबांनी उत्तर ऐकलं की नाही, कळलं नाही. ते बोटांनी पेटीची कड चाचपत निघाले होते. सांध्यांवरून अंगठा फिरवला. कोपरा नखाने तपासला. उजव्या बाजूने खांद्यापर्यंत आले, फेरी मारून डाव्या बाजूला गेले, आणि तिथे त्यांचा हात थांबला. तरुणपणी चर्चचं छप्पर दुरुस्त करताना ते परांची मोडून पडले होते. डावा खांदा वाकडा बसला तो कायमचाच, दीड बोट बाहेर. पेटीची डावी फळी खांद्यापाशी दीड बोट बाहेर काढलेली होती. नीट, गोलाई देऊन, एकदा बघून कळणारही नाही अशी. सरळ फळी ठोकून दिली असती तर कोणाला काही कळलं नसतं. पण बाबांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाला चुकीच्या मापाची पेटी करताच आली नव्हती.

“पोस्टमास्तरांचाही डावा खांदा पडलेला का?” बाबा म्हणाले.

थोरला दारातून दोन पावलं आत आला.

“टेप लावलास?”

“नाही,” थोरला म्हणाला. “नजरेनं.”

“कधी? मी झोपलेला असताना?”

“नाही बाबा. लहानपणापासून.”

बाबांनी पायाकडची बाजू बघितली. “चुकलंय. दोन बोटं जास्त झालंय इथे. आणि छातीतही सैल आहे. मी धडधाकट असतानाचं माप धरलंस तू. आता मी आटलोय रे.”

थोरला तिथेच, लाकडाच्या सालींच्या ढिगावर, मटकन खाली बसला. पन्नाशीला आलेला, दोन्ही हातांनी डोकं धरून, लहान मुलासारखा. सिस्टर त्याच्याजवळ गेली.

“किती?” बाबांनी तिला विचारलं.

“महिना,” ती म्हणाली. “फार तर दीड.”

बाबांनी मान हलवली. जणू फळीची लांबी ऐकली. पण पेटीच्या कडेवरचा हात त्यांनी हळूच खिशात लपवला, हे धाकटीने पाहिलं.

“आणि तुम्हाला कधी कळलं?”

“शुक्रवारी,” मास्तर म्हणाला.

“शुक्रवार, शनिवार, आज.” आता त्यांचा आवाज चढला. “मोजके दिवस उरलेल्या माणसाचे तीन दिवस! कोणाचे होते ते? तुमचे? चाळीस वर्षं लोकांच्या घरी जातोय मी. हजार घरं बघितली असतील. सगळीकडे एकच ऐकलं, आणखी थोडा वेळ मिळाला असता तर. तुमच्या हातात तो थोडा वेळ आला होता, आणि तुम्ही तो ताडपत्रीखाली झाकून ठेवलात.”

“तुम्ही घाबराल असं वाटलं,” थोरला खालूनच म्हणाला.

“मग? घाबरलोच आहे. मरणाला न घाबरणारा माणूस मी अजून बघितलेला नाही, आणि माझ्याकडे सगळ्या तऱ्हेचे आले.” ते दमले. मास्तरने स्टूल पुढे केलं, त्यावर टेकले. सालींच्या ढिगातली एक पातळ, लांब साल त्यांनी उचलली आणि उजेडासमोर धरली. उजेड आरपार आला. “एवढेच आहोत आपण. फुंकर मारली की गेलो. त्याचं भय आहे, पण दुःख नाही, कारण धरणारा हात माझा नाही, देवाचा आहे. तो सोडायचा नाही. तिकडे सगळे भेटतील, हेही खरं. पण तिकडची भेट त्याच्या हातातली. इकडची माझ्या हातात दिली होती त्याने. आणि मी ती अकरा वर्षं उन्हाळ्यावर ढकलत आलो.”

साल त्यांनी ठमीच्या हातात दिली. ठमीने ती तत्काळ तोंडात घातली, आणि धाकटीने बोट घालून बाहेर काढली.

“आत्याचा नंबर आहे का कोणाकडे?”

गंमत अशी की सगळ्यांकडे होता. अकरा वर्षं घरातला प्रत्येक जण बाबांच्या चोरून आत्याशी बोलत होता, आणि आपण एकटेच बोलतो असं प्रत्येकाला वाटत होतं.

“तू लाव,” बाबा धाकटीला म्हणाले. “मला जमायचं नाही. तिला सांग, भाऊ मरायला...” ते थांबले. “नको. तसं नको. सांग, पेटी तयार आहे, पण झाकण अजून बसवलेलं नाही.”

धाकटीने जसंच्या तसं सांगितलं. पलीकडून आत्याचा कोरडा आवाज आला. “किती वाजेपर्यंत आहे?”

“किती वाजेपर्यंत, विचारतायत.”

बाबांनी मनगटावरचं घड्याळ काढलं. पट्ट्याखालची कातडी पांढरी पडली होती. घड्याळ ठमीच्या मुठीत गेलं, साल गेली होती तिथेच पोचलं.

“सांग, वेळ ठरलेली नाही. ती येईल तोवर.”

आत्या म्हणाली, साडेचारची बस बघते. येते असं म्हणाली नाही.

बाबा वर यायला तयार होईनात. कारखान्याचं रस्त्याकडचं दार उघडायला लावून ते स्टुलावर बसून राहिले. झाकण भिंतीला टेकवून उभं केलेलं. सिस्टरने शाल आणून खांद्यावर टाकली, वाकड्या खांद्यावरून ती सारखी घसरत होती. थोरला झाडू घेऊन एकाच जागी झाडत राहिला.

कोपऱ्यावर बस थांबल्याचा आवाज आला. ब्रेक, दार, पुन्हा इंजिन. सगळ्यांच्या माना दाराकडे. एक बाई भाजीची पिशवी घेऊन गेली. दोन मुली गेल्या. मग रस्ता मोकळा.

पाच मिनिटं झाली. पंधरा झाली.

“नाही आली,” थोरला म्हणाला. “बाबा, वर चला. गारठा आहे.”

“थांब.”

पंचवीस. मास्तर बाहेर डोकावायला निघाला, बाबांनी त्याचा हात धरून बसवला. “थांबायचं म्हणजे थांबायचं.” त्यांचे ओठ निळसर दिसत होते. सिस्टरने नाडी बघितली आणि नजर धाकटीकडे वळवली. आपण किल्ली दिली. आपण फोन केला. ही बाई आली नाही, तर हा माणूस या दाराकडे बघत बघत उरलेला महिना काढेल, आणि ते आपल्या हातून झालेलं असेल. तिने ठमीला घट्ट धरलं. मनातल्या मनात म्हणत राहिली, देवा, तिचे पाय उचल. एवढंच. तिचे पाय उचल.

दारातला उजेड अडला.

आत्या उंच होती, बाबांसारखीच हाडापेराने मोठी. ती आत आली, भावावर एक ओझरती नजर टाकून थेट पेटीपाशी गेली, वरून खाली एकदा नजर फिरवली. शेवटी तीही याच कारखान्यात, याच सालींच्या ढिगात वाढलेली होती.

“पायाकडे दोन बोटं जास्त झालीय,” ती म्हणाली. अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

“थोरल्याने केलीय,” बाबा म्हणाले. “जुनं माप धरून.”

“हं.” तिने पिशवी खाली ठेवली. मग भावाकडे वळली. “चाळीस मिनिटं कोपऱ्यावर उभी होते. बघत होते, बसवतोस का झाकण.”

“ठाऊक आहे,” बाबा म्हणाले. “बस वेळेवर आली. आवाज ऐकला मी.”

“मग हाक का नाही मारलीस?”

“तुझी होती ती चाळीस मिनिटं. तुला घेऊ दिली.”

आत्याने भिंतीला टेकवलेल्या झाकणाकडे एकदा बघितलं.

बाबांनी शेजारचं स्टूल पायाने पुढे सरकवलं.